बाष्पीभवनाचा रकाना

पर्यावरणाचं काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कोणालाच नको होतं. मी मुळात प्रयोगशाळेतली. बी.एस्सी. झाल्यावर श्रीरामपूरच्या अलीकडच्या एका दुधाच्या कारखान्यात लागले. तिथे पावडर, लोणी, पनीर सगळं होतं, आणि ते करताना ज्या टाक्या आणि पाइप धुतात त्यांचं सांडपाणी तपासणं हे माझं काम. लोकांना वाटतं दुधाच्या कारखान्याला दुधाचा वास येतो. येतो, पण दरवाजापाशी. मागच्या बाजूला, सांडपाण्याच्या टाक्यांकडे, नासलेल्या ताकात कोणी कपड्यांचा सोडा कालवावा तसा वास असतो. तो माझ्या ओढणीत इतकी वर्षं मुरला होता की घरी कोणी त्याबद्दल बोलायचंही बंद झालं होतं.

मग कंपनी शेअर बाजारात गेली आणि मुंबईच्या ऑफिसातून दरवर्षी एक फाइल यायला लागली. तिचं नाव शाश्वतता अहवाल. किती वीज वापरली, किती पाणी उपसलं, बॉयलरमध्ये काय जाळलं, किती झाडं लावली, त्यातली किती जगली, कामावर बायका किती, शेजारच्या गावांतून तक्रारी किती आल्या, हे सगळं भरून द्यायचं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी पहिल्या वर्षी ती फाइल उघडली, बराच वेळ खाली खाली सरकवत गेले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे. हे तुम्हीच करा."

फाइल कॉम्प्युटरवर होती. अक्षराचा काही संबंध नव्हता. पण मी हो म्हणाले.

तेव्हापासून मार्च संपला की माझी वणवण सुरू व्हायची. बॉयलरवाल्याकडे जायचं, तो म्हणायचा वही शिफ्टवाल्याकडे आहे. शिफ्टवाला म्हणायचा साहेबांनी नेली. वजनकाट्यावर भंगाराच्या पावत्या तारेला टोचून ठेवलेल्या असायच्या, त्या एकेक काढून वाचायच्या. सगळं गोळा करून पाठवलं की मुंबईहून एका मुलीचा फोन यायचा. तिचा आवाज कायम प्रसन्न. "मॅडम, रकाना रिकामा ठेवू नका ना. शून्य असेल तर शून्य लिहा."

तक्रारींच्या रकान्यात मी दरवर्षी शून्य लिहायची. ते खोटं नव्हतं. तक्रार वही गेटवरच्या केबिनमध्ये होती, केबिन गेटच्या आत होती, आणि आत यायला पास लागायचा. पास मिळवायला आत कोणाला भेटायचं ते नाव सांगावं लागायचं. ज्याची आतल्या कोणाशी ओळख नाही त्याची तक्रारही नाही, असा तो सरळ मामला होता. वहीत एकाच टँकर ड्रायव्हरने कधी तरी लिहिलं होतं की कँटीनचा चहा थंड असतो.

दुसरा एक रकाना होता, त्याच्याबद्दल सांगायला मला जड जातं. शुद्ध केलेलं पाणी आम्ही मागच्या तळ्यात साठवायचो. शेततळ्याला अंथरतात तसा जाड प्लास्टिकचा कागद तळाला टाकलेला होता. तिथून ते पाणी आवारातल्या झाडांना जायचं. बाहेर एक थेंब सोडत नाही, असं कंपनी सगळीकडे छापायची. म्हणजे तळ्यात आलेलं पाणी, झाडांना गेलेलं पाणी आणि शिल्लक पाणी यांचा मेळ बसायला हवा. तो बसत नव्हता. पहिल्या वर्षी मी मीटर बदलून बघितले. दुसऱ्या वर्षी साहेबांना विचारलं. ते खिडकीकडे हात करून म्हणाले, "ऊन बघा की बाहेर. उडून जातं पाणी."

मी फरकाचा आकडा बाष्पीभवनाच्या रकान्यात टाकला आणि मेळ बसवला. पुढच्या वर्षी फरक वाढला, तेव्हा बाष्पीभवन वाढवलं. तेवढ्या आकाराच्या तळ्यातून उन्हाळ्यात किती पाणी उडतं हे काढायचं गणित मला येत होतं. कागदावर दहा मिनिटांचं काम. ते मी चार वर्षं केलं नाही. मी थकले होते, असं म्हणता येईल. पण थकलेली माणसं इतर गणितं करतच होती, मीसुद्धा.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका दुपारी गेटवरून फोन आला. "मॅडम, एक बाई आल्यात. पान्याची बाटली घेऊन आल्यात. पानी तपासनाऱ्या बाईला भेटायचं म्हनत्यात."

मी गेटवर गेले. साठीच्या आसपासची बाई, पदर खोचलेला, पायांत रबरी चपला, हातात थंड पेयाच्या दोन मोठ्या बाटल्या, दोन्हींत पाणी. आमच्या मागच्या भिंतीला लागून तिचं रान होतं. ऊस थोडा, बाकी घास आणि मका, आणि गोठ्यात पाच गाई. त्यांचं दूध ती आमच्याच संकलन केंद्रावर घालायची. म्हणजे कंपनीच्या भाषेत ती पुरवठादारही होती आणि शेजारीही. फाइलमध्ये ती दोन वेगवेगळ्या पानांवर मोजली जात होती.

"तुमीच का पानी तपासता?"

"हो मावशी. काय झालं?"

"गाय पिईना," ती म्हणाली. "हौदात तोंड घालती, फुर्र करती आन माघारी फिरती. आदी एक करत हुती, आता चार करत्यात. मानसाला कळायच्या आदी जनावराला कळतं. हुंगून बगा."

मी झाकण उघडलं. हुंगायला बाटली नाकापर्यंत न्यावी लागलीच नाही. तो वास मी ओळखत होते. माझ्या ओढणीतला होता.

"कुठलं पाणी हे?"

"ही बाटली हिरीची. ही दुसरी पल्याडच्या बोरची. बोरचं चांगलं हाय, पन ते भावकीचं हाय. रोज कोन देतंय?"

मी बाटल्या प्रयोगशाळेत नेल्या आणि तिला केबिनसमोरच्या बाकावर बसायला सांगितलं. तासाभरात जे तपासता येतं ते तपासलं. बोरचं पाणी आमच्या भागातल्या कोणत्याही बोरसारखं होतं. विहिरीच्या पाण्यात क्षार भरमसाट होते, आणि जे पाण्यात असायलाच नको ते त्यात सडत होतं. मी कागदावर आकडे लिहिले. मग बाहेर आले.

"मावशी, तक्रार लिहायची का?"

"लिवून काय हुईल?"

"ते मला सांगता येत नाही. पण लिहिलं तर ते मुंबईपर्यंत जाईल. नाही लिहिलं तर इथेच राहील."

तिने विचार केला. "लिवायला येतं मला," असं म्हणाली, जणू मी विचारलं होतं. सातवीपर्यंत शिकले हेही सांगितलं. मग वही मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवत, सावकाश लिहिलं: माझ्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. गाया पाणी पीत नाहीत. कारखान्याने बघावे. खाली पूर्ण नाव आणि सही. मी शेजारी तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपावरच्या माणसाला घेऊन तळ्याला पूर्ण फेरी मारली. दर महिन्याच्या तपासणीत मी "कागद सुस्थितीत" असं लिहायची, पण ते अलीकडच्या काठावर उभं राहून. पलीकडचा काठ वेड्या बाभळींनी भरलेला होता, तिथे कोणी जात नसे. आम्ही काटे बाजूला सारत गेलो. कोपऱ्यात, जिथे दोन कागद जोडले होते, तिथला जोड हातभर उसवला होता आणि फटीतून बाभळीच्या मुळ्या आत आल्या होत्या. पाण्याची पातळी बरोबर त्या फटीपाशी थांबलेली होती. भिंतीपलीकडे तिच्या विहिरीचा कठडा दिसत होता.

पंपावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, हे आजचं न्हाई."

"माहीत आहे," मी म्हणाले.

साहेबांना मी सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. आजवर कोणावर ओरडलेला मी पाहिला नव्हता. बदली होऊन आला होता, बायको-मुलं कोल्हापूरला होती आणि डोळे कायम झोप न झाल्यासारखे. त्यांनी वही मागवली, पान वाचलं, आणि कपाळ दाबत म्हणाले, "तिच्या गोठ्याचा उकिरडा विहिरीजवळच असेल. आणि हे तक्रार म्हणून कशाला घ्यायचं? सूचना म्हणून घेऊ. सूचनांना वेगळी वही करता येईल."

"पानांना नंबर आहेत सर."

"मार्च तोंडावर आहे मॅडम. आता तळं रिकामं करायचं म्हणजे प्रोडक्शन बंद ठेवावं लागेल. पावसाळ्यानंतर बघू ना."

मी बाहेर आले. भांडले नाही. मला भांडता येत नाही, आणि आपण सांगितलं म्हणजे आपलं काम झालं अशी एक सवय अंगात भिनलेली असते.

आठवड्याभराने ती बाई पुन्हा गेटवर उभी होती. या वेळी हातात स्टीलची किटली. मला बघताच म्हणाली, "म्याडम, तेवडं पान फाडून टाका."

"का? काय झालं?"

"माजं दूध परत यायला लागलं. तीन दिस झालं. डिग्री लागत न्हाई म्हनत्यात, पानी हाय म्हनत्यात. बावीस वरीस दूध घालती मी. पानी घालायचं तर त्या पान्याला वास येतो, ते तरी कळंल का न्हाई?"

तिच्या किटलीतलं दूध मी तपासलं. फॅट चांगली, लॅक्टोमीटरवर डिग्री चांगली, पाण्याचा अंश नाही. संकलन केंद्रावर फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, मशीन सांगतं ते आम्ही लिहितो." मग हळू आवाजात म्हणाला, "त्यांना म्हणावं, मिटवून घ्या."

दुधाच्या तपासणीची चिठ्ठी मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती वाचली, उलटी करून ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही पाण्याचं बघा." दूध परत पाठवायला त्यांनी सांगितलं होतं की खालच्या कोणी परस्पर केलं होतं, ते मला आजही माहीत नाही. त्यांनाही नीट माहीत नसावं, किंवा माहीत करून घ्यायचं नसावं.

मी परत केबिनपाशी आले. "मावशी, पान मला फाडता येत नाही."

तिचा चेहरा बदलला. "लिवायला तर तुमीच लावलं."

"हो."

"मी इचारलं हुतं, काय हुईल म्हनून. तुमी म्हनला ठावं न्हाई. आता कळलं का काय हुतं ते?"

तिचं बोलणं खरं होतं. मला आकडा हवा होता आणि जोखीम तिची होती. मी वही तिच्यापुढे धरली. तिने आपल्याच तीन ओळींच्या खाली लिहिलं: तक्रार मागे घेत आहे. सही केली. या वेळी अक्षर भराभर आलं. किटली उचलून निघून गेली, चहा विचारला तर मागे वळलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिचं दूध केंद्रावर घेतलं गेलं.

एप्रिलमध्ये मी फाइल भरली. आलेल्या तक्रारी एक, प्रलंबित शून्य. मुंबईची मुलगी खूश झाली. "मॅडम, हे छान आहे. सगळ्या प्लांटकडून शून्य येतं ना, ते खरं वाटत नाही कोणाला. तुमच्याकडे एक आली आणि मिटलीपण." मी हं म्हणून फोन ठेवला.

मे महिन्यात बाहेरच्या फर्मचा एक तपासनीस आला. आमच्या आकड्यांना तो शिक्का देणार होता. चाळिशीतला माणूस, चष्मा दोरीला अडकवलेला, बोलणं अगदी हळू. दोन दिवस त्याने वीज बिलं आणि पावत्या बघितल्या. तिसऱ्या दिवशी तक्रार वही मागितली. साहेब, तो आणि मी, तिघेच खोलीत होतो. त्याने वरच्या तीन ओळी वाचल्या, खालची एक ओळ वाचली, आणि विचारलं, "मागे का घेतली?"

साहेब म्हणाले, "गैरसमज होता. बोलून दूर केला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी धाडस केलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे त्या क्षणी माझे पाय दुखत होते, उकडत होतं, आणि अजून एक वाक्य जुळवून सांगायची ताकद अंगात उरली नव्हती. दुधाचं मला सिद्ध करता येत नव्हतं. पाण्याचं येत होतं. मी कपाटातून चार वर्षांचे पाण्याच्या ताळमेळाचे तक्ते काढले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"यातलं बाष्पीभवन चुकीचं आहे," मी म्हणाले. "मी लिहिलंय. मेळ बसत नव्हता म्हणून फरक तिथे टाकला. गणित करून बघा, एवढं पाणी या तळ्यातून उडूच शकत नाही. ते जमिनीत जातंय. त्या बाईंची विहीर भिंतीपलीकडे आहे."

तपासनीसाने चष्मा लावला, तक्ता जवळ ओढला आणि पेन्सिलीने गणित केलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"तळं दाखवाल?" तो म्हणाला.

त्यानंतर सगळं झपाट्याने झालं. प्रोडक्शन चार दिवस बंद राहिलं, तळं उपसलं, बाभळी मुळासकट काढल्या आणि जूनच्या आधी नवा कागद अंथरला. जे पावसाळ्यानंतर बघायचं होतं ते पंधरा दिवसांत झालं. बाईच्या विहिरीचं पाणी कंपनीने दोनदा उपसून टँकरने शुद्धीकरण टाक्यांवर आणलं आणि तोपर्यंत तिच्या हौदात रोज पाणी सोडलं. मला मात्र खुलासा मागणारं पत्र आलं: चुकीची माहिती का दिली. मी एका परिच्छेदात उत्तर दिलं. ते पत्र नवऱ्याला दाखवलं. तो शाळेत गणित शिकवतो. त्याने वाचून घडी घातली आणि म्हणाला, "तुला आधी कळलं नव्हतं का?" मी म्हणाले, कळलं होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही. त्या न विचारण्याचं मला पत्रापेक्षा जास्त लागलं.

जुलैत माझी बदली पिशवीच्या दुधाच्या तपासणीवर झाली. ती शिक्षा होती असं कोणी म्हटलं नाही. साहेबांनी निरोप देताना हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला एकदा आधी सांगायचं होतं." मी त्यांना आधी सांगितलं होतं. पण त्यांचे ते झोप न झालेले डोळे बघून मी मान हलवली.

छापील अहवाल सप्टेंबरात आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हिरवं रान. आमच्या प्रकल्पाच्या पानावर एका चौकटीत लिहिलं होतं की शेजारच्या गावकऱ्यांच्या तक्रारींची आम्ही तातडीने दखल घेतो. सोबत गाईशेजारी हसणाऱ्या एका बाईचा फोटो होता, दुसऱ्याच कुठल्या तरी राज्यातल्या, नेसण्यावरून कळत होतं. बाष्पीभवनाबद्दल शेवटून तिसऱ्या पानावर तळटीप होती. मोजणीची पद्धत बदलल्यामुळे मागील वर्षांचे आकडे सुधारले आहेत, एवढंच. मी ती चष्मा पुसून दोनदा वाचली. मग अहवाल खणात ठेवला.

दिवाळीनंतर एका रविवारी मी तिच्या रानात गेले. जावं की नाही यात दोन महिने काढले होते. ती गोठ्यासमोर मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याच्या, पिशवीचं तोंड बांधत बसली होती. मला बघून उठली नाही, पण बसायला गोणपाट सरकवलं.

"पानी कसं आहे?" मी विचारलं. तिच्यासमोर माझंही बोलणं जरा तिच्यासारखं होत होतं.

"आता बरं हाय. वास गेला. चार गाया पित्यात. एक म्हातारी हाय ती अजून न्हाई पीत. तिला बोरचं आनून द्यावं लागतं. तिच्या डोक्यात बसलंय ते बसलंय."

"मावशी, तुम्हाला त्रास झाला."

"झाला की," ती म्हणाली. तेवढंच. राग नव्हता आणि माफीही नव्हती. तिने गाठ मारली, दोरीचं टोक दाताने ओढलं, मग विचारलं, "तुमी आता तिथं न्हाई म्हनं?"

"आहे. पण आता पिशवीचं दूध तपासते."

"मंग बसून काम असंल."

"हो, बसून."

"ते बरं हाय. पाय सुजल्यात तुमचे." तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "गाडी हाय का तुमच्याकडं? मला पुनतांब्याला सोडता का? भैनीचा गुडगा दुकतोय, तिला बगायला जायचंय. एस्टीची वाट बगत बसलं तर दुपार हुती."

मला त्या बाजूला काहीच काम नव्हतं. मी हो म्हणाले. तिने हातपाय धुतले, इस्त्रीची साडी नेसली, पिशवीत चार वांगी आणि बहिणीसाठी मलमाची डबी टाकली आणि माझ्या स्कूटीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसली. रस्त्याला ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या बैलगाड्या लागल्या होत्या, त्यामुळे हळूच जावं लागलं. सगळ्या वाटेने ती बहिणीच्या गुडघ्याबद्दल बोलत होती: डॉक्टर काय म्हणाला, सुनेने काय केलं, तेल कुठलं लावायचं. मला मधूनमधून फक्त हं म्हणायचं होतं. बऱ्याच महिन्यांत कोणी माझ्याकडून इतकं थोडं मागितलं नव्हतं.